वालेरिउची जागरणं

"तुम्ही झोपला होतात," डॉक्टरबाई झोपेच्या तपासणीचा अहवाल बघत म्हणाल्या. "जवळजवळ रात्रभर. घोरतही होतात."

वालेरिउ हसला. "चूक होतेय काहीतरी. मी टक्क जागा होतो. बाहेरची ट्रामसुद्धा ऐकली."

"नर्सने तुमच्या छातीवरची निघालेली वायर परत चिकटवली. मोठ्याने हाका मारल्या. आठवतंय?"

त्याला काहीच आठवत नव्हतं.

"तुम्ही खोटं बोलत नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "काहींच्या मनाला झोपेतही आपण जागेच आहोत असं वाटतं. थकवा खरा असतो."

वालेरिउची कानशिलं लाजेने तापली. शेजारी बायको स्मारांदा बसली होती. याश शहरात जन्मभर ट्राम चालवलेला हा माणूस, त्याचा भाऊ डोरू वारल्यापासून, रोज सकाळी तिला एकच सांगायचा: "रात्रभर जागा. सगळं ऐकलं." त्यापायी ती घरात चवड्यांवर चालायची. बाजाराच्या पिशव्या चौथ्या मजल्यावर एकटी चढवायची. नातवंडं आली की त्यांना दटावायची, "आजोबांना झोप नाही, गप्प बसा!" आणि हा पठ्ठ्या घोरत होता.

"मनाला काही लागलंय का?" बाईंनी विचारलं.

"भाऊ," तो खाली बघत म्हणाला. "जुन्या कम्युनिस्ट राजवटीत, सरकारवरच्या एका विनोदापायी पोलिसांनी पकडून नेला. कुणीतरी चुगली केली होती. सुटून आला तो खंगलेलाच, मग कधी सावरलाच नाही. पूर्वी कोण असेल म्हणून डोकं शिणवायचो. आता तो विषय सोडला. काय उपयोग?"

स्मारांदाने त्याचा हात हळूच दाबला. तिचे डोळे भरून आले होते. त्यामुळे त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर तो कोट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"हस की," तो म्हणाला. "सुनेलाही सांग. तुला उगाच राबवलं मी. लाज वाटते गं."

ती हसली नाही. भिंतीलगतच्या बाकावर बसली.

"म्हणजे कुणी अगदी कानाशी बोललं, तरी तुला कळत नाही?"

"नाही, असं दिसतंय. नर्स ओरडली म्हणे."

"आणि सकाळी तू म्हणतोस, सगळं ऐकलं, ते?"

"तसं वाटायचं मला. शपथ! रागावलीस?"

तिने नकारार्थी मान हलवली. तोंडावरचा रंग पार उतरला होता. तो घाबरून तिच्या शेजारी टेकला आणि तिचा हात हातात घेतला.

"ईस्टरच्या आधी एकदा मी अंधारात तुझ्याशी बोलले," ती म्हणाली. "खूप वेळ. तू गप्प पडून होतास. सकाळी म्हणालास, सगळं ऐकलं. माझ्या हातची कॉफी घेतलीस. त्यानंतर डोरूचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, तू पोटात घातलंस."

"काय पोटात घातलं? काय सांगितलंस तू?"

स्मारांदाने त्याच्या हातातला आपला हात सोडवून घेतला.

"चुगली कुणी केली ते," ती म्हणाली. "मी केली होती."