स्वेच्छेने

मुलीने कागदावरचं नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा आई चादरीला इस्त्री करत होती. नाव आईचंच होतं, लग्नाआधीचं.

"हे कुठे मिळालं तुला?"

"आमच्या विभागाच्या जुन्या नोंदवहीत. पीएचडी अर्धवट सोडलेल्या बायकांची यादी काढत होते. सतरा नावं आहेत. अकरावं तुझं."

उच्च शिक्षणातून बाहेर पडलेल्या स्त्रियांवर संशोधन करायला मुलीला फेलोशिप मिळाली होती. त्या दिवशी आईने सगळ्या नात्यागोत्यात फोन केले होते. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द काढला नव्हता. मुलीच्या लेखी आई म्हणजे एमए, मग लग्न, मग घरच्या शिकवण्या.

आईने इस्त्री बंद केली, चष्मा लावला आणि झेरॉक्स हातात घेतली. ओळीवरून फिरणारं तिचं बोट शेवटच्या रकान्यात थांबलं. तिथे लिहिलं होतं : 'प्रबंध सादर नाही. स्वेच्छेने सोडले.'

"मी कुठे सोडलं?" ती म्हणाली. "मला तर वाटत होतं, मी नापास झाले."

"अगं, प्रबंधच दिला नाही, तर नापास कशी होशील?"

"दिला की! या हातांनी माझ्या गाइड सरांच्या टेबलावर ठेवला. दोनशे बारा पानं. शाळांचे जुने हजेरीपट घेऊन चार वर्षं बसले होते मी. मुलींची नावं कुठल्या इयत्तेपासून गळायला लागतात, ते शोधत. सर म्हणाले, ठेवून जा, बघतो."

"मग?"

"मग बघत असतील म्हणून थांबले. दीड वर्ष."

"विचारायला नाही गेलीस?"

"दोनदा गेले. एकदा ते मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा मला बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग मी काय ते समजले."

"काय समजलीस?"

"तेच आता कळेनासं झालंय बघ."

"प्रत तरी ठेवायचीस एखादी."

"होती. नापास झालेलं काय जपून ठेवायचं?"

"आणि बाबांना?"

"लग्न ठरताना असलं कोण सांगतं? नंतर राहूनच गेलं."

मुलीने पिशवीतून प्रश्नावली काढली. शिक्षण सोडण्याचं कारण : लग्न, मूल, आजारपण, पैशांची अडचण, इतर. 'इतर'पुढे बोटभर जागा होती. तिने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. हे सगळे पर्याय तिनेच महिनाभर खपून तयार केले होते.

"तसंही तुला यात घेता येणार नाही," ती पुटपुटली. "नात्यातली माणसं चालत नाहीत. तुझं नाव गाळावं लागेल."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आईने चादरीची घडी घातली, ती तिरकी झाली, मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "तुमच्या विभागाच्या ऑफिसचा नंबर दे."

"कशाला? सर जाऊन दहा वर्षं झाली, आई."

"सरांना नाही विचारायचं. दे."

मुलीने नंबर लावून फोन आईच्या हातात दिला. बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी उचलला. पलीकडचा आवाज तरुण आणि घाईतला होता. "हॅलो, कोण बोलतंय?"

आई पदराशी चाळा करत राहिली. लग्नाआधीचं नाव तिच्या ओठांवर आलं. मग आत्ताचं. दोन्ही नीट बसेनात.

"मी... तुमच्या विभागाची विद्यार्थिनी बोलतेय. माझ्या प्रबंधाचं काय झालं, ते विचारायचं होतं."

"कितव्या वर्षाला आहात?"

आईने फोनवर हात ठेवला आणि मुलीकडे पाहिलं.

"काय सांगू गं?"