काडेपेटीच्या पोटातली कळ

दुपारी निबियाआत्याची गोष्ट आमच्या ताकुआरेम्बो गावच्या रेडिओवर जायची होती आणि रेकॉर्डिंगमध्ये मधूनच ‘खर्रर्र’ वाजत होतं. मी चार्जर बदलला, माइकची वायर आखूड केली, फ्रीजसुद्धा बंद केला. खरखर तशीच. “तुझ्या काडेपेटीएवढ्या कॉम्प्युटरच्या पोटातच कळ आलीय,” आत्या म्हणाली. शेवटी ठरलं, कुणीच बोलायचं नाही, नुसती शांतता रेकॉर्ड करायची. आत्याने गुपचूप भोपळ्याच्या वाटीत येर्बाचा कडू चहा भरून माझ्यापुढे धरला. मी रिवाजाप्रमाणे नळीने तळापर्यंत ओढला, ‘खर्रर्र’, आणि पडद्यावरची आवाजाची रेघ ताडकन उसळली! जन्मभर ऐकलेला आवाज कानांना जाणवणार कसा? घाईघाईने गोष्ट पुन्हा घेतली. सांगताना आत्याने सवयीने वाटी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा मी मानेनेच नको म्हटलं. दुपारी अख्ख्या गावाने गोष्ट स्वच्छ ऐकली, ऐन रंगात आत्याचा खणखणीत सवालही: “मेल्या, रुसलास काय माझ्यावर?”