सावित्रीचा रंगीत फोटू

“एकच फोटू उरला हाये रोलमंधी, बाई,” गोपीचंद म्हणाला. “तो उद्या काढू ना आपण. घाई कायले करता?”

“उद्या नाही. आत्ता,” सुलोचनाबाई म्हणाल्या आणि स्टुडिओतल्या आरशासमोर बसूनही गेल्या.

तुमसरच्या राइस मिलच्या मालकीणबाई त्या. त्यांच्यापुढे गोपीचंदचं काय चालणार! सत्त्याहत्तर साल होतं. गावात रंगीत फोटो काढणारा तो एकटाच, आणि महिला मंडळाच्या बायकांना तर नुसतं खूळ लागलं होतं. कोजागिरीच्या कार्यक्रमात ज्या-ज्या पौराणिक नायिका झाल्या, त्या प्रत्येकीला त्याच वेषात रंगीत फोटो हवा होता. दमयंती झाली, शकुंतला झाली, डॉक्टरीणबाई तर चक्क चष्म्यासकट द्रौपदी झाल्या. सावित्री, म्हणजे सुलोचनाबाई, तेवढी राहिली होती. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या नवऱ्याला, कृष्णरावांना, नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्याला आता महिना झाला.

“साहेबायची तब्येत कशी हाये?” गोपीचंदनं विचारलं.

“सकाळी ट्रंककॉल आला. चार वाजेपर्यंत गाडी त्यायले घेऊन येऊन राहिली.”

“अरे वा! मंग तं झकास झालं!” त्याला मनापासून आनंद झाला. “मंग उद्या जोडीनंच या की!”

“नाही. आजच पायजे.”

गोपीचंदचं डोकं सणकलं. त्यानं बायकोला, विमलाला, पडद्यामागं ओढलं.

“पाहिलं? नवरा महिन्यानं घरी येऊन राहिला, अन् हिले नटाचं पडलं हाये! घरी जाऊन ओवाळाची तयारी करावं का नाही?”

“हळू बोला. आयकू जाईन त्यायले.”

“जाऊ दे!”

ऐकू गेलंच होतं. विमला शालूच्या निऱ्या सारख्या करायला बसली, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “कुंकू मोठं लाव वं. अजून मोठं.”

विमलानं लावलं. बाई आरशात बघत राहिल्या.

“आमचा लग्नातला फोटू काळा-पांढरा हाये. त्याच्यात कुंकूही काळं दिसते. हे नेहमी म्हणत, एकदा रंगीत काढ, लाल दिसलं पायजे.”

मोठे दिवे लागले. गोपीचंद कॅमेऱ्याशी वाकला, आणि बाईंचे डोळे भरून आले. काजळ ओघळलं. विमलानं टिपलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

“बाई, सावित्री रडत नाही,” गोपीचंद वैतागून म्हणाला. “यमाशी भांडते थे. अन् जिंकते. हा बिघडला तं माह्यापाशी दुसरा नाही.”

“दिवे लय तेज हायेत,” बाई म्हणाल्या. काजळ पुन्हा ओघळलं.

गोपीचंदला आता दया आली. महिनाभर काळजीनं जागली असेल बिचारी.

“असं करा,” तो म्हणाला. “मले पाहू नका. साहेब समोर उभे हायेत असं समजा. त्यायच्याकडं पाहा.”

बाईंनी मान वर केली. क्षणभर तशाच बघत राहिल्या, आणि मग हसल्या. नवी नवरी हसावी तशा. गोपीचंदनं बटण दाबलं. इतक्या वर्षांत असं हसू त्यानं काचेतून पाहिलं नव्हतं. मघाशी आपण काय-काय बोललो, याची त्याला लाज वाटली.

बाई उठल्या. घराकडं निघाल्या. तो दारापर्यंत पोचवायला गेला.

“रोल मुंबईले पाठवा लागते, बाई. पंधरा दिवस तं लागतीनच. पन फोटू आला का मीच घरी घेऊन येतो. पयले साहेबायच्याच हातात देतो, मंग तं झालं?”

“पंधरा दिवस,” बाई म्हणाल्या. पदर त्यांनी डोक्यावरून नीट घेतला. “चालते. तोवर तं त्यायची तेरवीही होऊन जाईन.”