मांजराच्या पावलांची गाडी

त्या एका पत्राला मास्तरांनी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात पत्रं खूप आली होती. बाकी सगळ्यांना त्यांनी दोन-दोन ओळींचं उत्तर धाडलं. हे राहिलं. जाडजूड शब्दकोशात ते ठेवलेलं असे. अक्षर बाईचं, नीटस. पहिली ओळ मास्तरांना पाठ होती : 'मासिकातला तुमचा लेख वाचूनच मी हायब्रिड गाडी घेतली.' शेवटचीही पाठ होती : 'ही गाडी पर्यावरणासाठी खरंच चांगली असते का? खरं असेल तेवढंच सांगा. तोवर ती आच्छादनाखालीच राहील.'

मधला मजकूर त्यांनी एकदाच वाचला होता.

लेख त्यांचाच. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर लिहिलेला. छापायला देण्याआधी त्यांनी तो बायकोला वाचून दाखवला. त्यांचं सगळं लिखाण ती ऐकायची. हातातलं विणकाम चालू असायचं आणि एखादं वाक्य अडखळलं की सुया थांबायच्या. 'कमी वेगात ही गाडी बॅटरीवर चालते आणि तेव्हा तिचा आवाजही होत नाही,' या वाक्याशी सुया थांबल्या.

"म्हणजे मांजराच्या पावलांनी येणारी गाडी म्हणा की," ती हसून म्हणाली.

मास्तरांना ते इतकं आवडलं की त्यांनी तसंच लेखात घातलं. तो त्यांचा शेवटचा लेख. ती गेल्यावर त्यांनी काही लिहिलं नाही, फक्त वाचलं. बॅटरीसाठी लागणारे धातू, खाणी, कारखान्यांचा धूर. एक पुस्तक हो म्हणे, दुसरं नाही म्हणे, आणि मास्तरांना दोन्ही पटत.

"पुन्हा तेच पत्र?" लेकीनं चहाचा कप आणून ठेवला.

"उत्तर द्यायचं राहिलंय."

"तिला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही, बाबा."

"प्रश्न विचारलाय तिनं."

"प्रश्न! आणि तुम्ही चार वर्षं आकडे मांडत बसलात."

"जमत नव्हते."

"जमायचेही नाहीत. तुम्ही दोन अधिक दोनचाही ताळा करून बघता." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. दारामागे आईची काठी अजून होती. लेकीचा आवाज उतरला. "आईनं काय उत्तर दिलं असतं हो?"

"आईनं आधी विचारलं असतं, तुला झोप लागते का म्हणून."

लेक आत निघून गेली.

चहा तसाच ठेवून मास्तर गॅरेजवर गेले. गॅरेजवाला त्यांचा जुना विद्यार्थी. त्यानं हात पुसत सगळे प्रश्न ऐकून घेतले.

"मास्तर, गाडी घेताय की जावई शोधताय?"

"घ्यायची नाही. एकीला सांगायचंय."

"मग सांगा, शहरात हिला तोड नाही. दर दहा पावलांवर थांबावं लागतं ना, तेव्हा ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत भरली जाते. लांबच्या सरळ रस्त्यावर फरक थोडका."

"आणि बॅटरी बनवताना होतो तो धूर?"

"तो आधीच झालेला असतो. गाडी चालत राहिली की काही वर्षांत भरून निघतो."

"आणि उभी राहिली तर?"

"उभी?"

"चार वर्षं."

"मग कसली चांगली, मास्तर! तेवढा सगळा धूर फुकट गेला की." जवळच्या एका गाडीच्या टपावर त्यानं थाप मारली. "या नव्या गाड्यांना हळू चालताना मुद्दाम आवाज बसवलाय. ऐकायचाय?"

तो गाडी मागे घेऊ लागला. मास्तर डोळे मिटून उभे राहिले. बारीक घुमल्यासारखा आवाज जवळ येत गेला.

"येतोय का ऐकू?"

"येतोय," मास्तर म्हणाले. "आधी यायला हवा होता."

घरी येऊन त्यांनी एका बैठकीत उत्तर लिहिलं. ताळा केला नाही.

टपालपेटी चौकापलीकडे होती. कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानाशी त्यांची पावलं पूर्वी आपोआप थांबत. आताशा ते तिथून खाली मान घालून जात. तसेच गेले. पेटीपाशी आल्यावर मात्र जुनी खोड आडवी आली. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं. त्यांनी कागद काढून एकदा वाचला.

'गाडी चांगली आहे, पण चालवली तरच. उभी राहिली तर ती बनवताना झालेला धूर वाया जातो. तेव्हा आच्छादन काढा. त्या दिवशी चौकात तुम्ही अगदी हळू येत होता, हे पोलिसांनीही लिहिलंय. माझ्या पत्नीला दिसत नव्हतं. ती कानांनी रस्ता ओलांडायची. तिचा हात माझ्या हातात असायला हवा होता, पण मी पुस्तकांच्या दुकानाच्या काचेशी थांबलो होतो. आणि गाडीचा आवाज होत नाही हा गुण म्हणून छापला, तोही मीच. तुम्हाला झोप लागते ना?'

मास्तरांनी पाकीट चिकटवून पेटीत टाकलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.