खालून दुसरी ओळ

"वरून सुरू कर. सावकाश," चष्मेवाला म्हणाला.

मुलीने अख्खा तक्ता एका दमात म्हणून टाकला. वरच्या भल्यामोठ्या आकड्यापासून तळाच्या मुंगीएवढ्या आकड्यांपर्यंत. कुठे अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. दहा-अकरा वर्षांची असेल. दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. म्हणून झालं तशी तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं.

बाकावर आई-बाबा होते, पण त्यांचं कुठलं लक्ष! दोघांच्या मध्ये शाळेची चिठ्ठी पडली होती. सातवीपर्यंतच्या परीक्षा आणि क्रमांक बंद करावेत का? हो किंवा नाही. एका घराचं एकच मत, उद्या सकाळपर्यंत द्यायचं. शाळेच्या फाटकापासून दोघांची जुंपली होती आणि अजून पेनाचं टोपणसुद्धा उघडलं नव्हतं. मुलीचे डोळे तपासून घ्या असं बाईंनी वहीत लिहून दिलं होतं, म्हणून वाटेत इथे थांबले, इतकंच.

"निकाल लागला की आमच्याकडे पट्टा निघायचा," बाबा म्हणाले. "मी विसरलेलो नाही. 'हो' लिहून टाक."

"आणि आठवीत एकदम तोंडावर आपटली म्हणजे? मला शाळेत कधी कुणी धड विचारलं नाही, म्हणून आज दुसऱ्यांचे फोन उचलत बसते मी. हिचं तसं नाही व्हायचं."

"पण तिच्या डोक्यावर केवढं ओझं..."

"तिला कुठे काय होतंय? बघा, कशी छान वाचतेय."

चष्मेवाला मात्र तक्त्याकडेच बघत राहिला. खालून दुसऱ्या ओळीत पोरीने 'तीन' म्हटलं होतं. तिथे आठ आहे. बावीस वर्षं हा तक्ता याच भिंतीवर आहे, झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. आता आठाला तीन म्हणणारे रोज भेटतात. पण मघाशी याच खुर्चीत एक पेन्शनर आजोबा बसले होते, त्यांनीही नेमकं तिथेच 'तीन' म्हटलं होतं. आजोबांना ऐकू कमी, त्यामुळे सगळ्या दुकानाला ऐकवत वाचत होते. शेवटची ओळ त्यांना काही केल्या जमेना, तेव्हा चष्मेवाल्यानेच वैतागून ती ओरडून वाचून दाखवली होती. मुलगी त्या वेळी बाकाच्या टोकाला बसली होती. गप्प, पाय न हलवता.

चष्मेवाल्याने उठून तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळे आकडे होते.

"आता हे वाच बरं."

मुलगी वाचेना.

"नुसता पहिला सांग. सगळ्यात मोठा."

"आठवत नाही."

"अगं बेटा, आठवायचं नाहीये. बघायचंय फक्त."

ती बघत राहिली. चेहऱ्यावर ना भीती, ना लाज, काहीच नाही.

"आठवत नाही, काका."

त्याने स्टूल जवळ ओढलं. आवाज उतरवून विचारलं, "दिसत नाही का?"

तिने पुन्हा एकदा बाकाकडे पाहिलं. मग आज कुठला वार आहे ते सांगावं तशी म्हणाली, "फळ्यावरचं पण नाही दिसत. बाई बोलतात ते मी पाठ करते."

"कधीपासून?"

"चौथीपासून. आता सहावीत आहे."

"आणि वर्गात कितवी येतेस?"

"दुसरी."

त्याने तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक काच बदलत गेला. तक्ता हळूहळू उमटत गेला तशी ती अडखळत, थांबत वाचू लागली. दोन आकडे चुकले. चुकल्यावर तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"अहो, इकडे बघा," तो आई-बाबांना म्हणाला. "हिला चार हातांपलीकडचं दिसत नाही. दोन वर्षं झाली."

आईने तोंडावर हात ठेवला.

"बघ," बाबा म्हणाले. "परीक्षेचा धसका केवढा! पोर साधं बोलली नाही."

"परीक्षा होत्या म्हणून शिकली तरी! नाहीतर दोन वर्षं नुसती बसून राहिली असती." आईने चिठ्ठी उचलून मुठीत धरली. "साहेब, तुम्हीच सांगा आता."

"हो, तुम्हीच सांगा," बाबाही म्हणाले.

"मी काचा विकतो," चष्मेवाला तुसड्यासारखा म्हणाला. "चष्मा शनिवारी मिळेल."

दोघं बोलत बोलतच पायऱ्या उतरले. मुलगी दप्तर घेऊन काउंटरशी उभी राहिली.

"काका, शनिवारी परत वाचून घेणार?"

"घेणार ना. नीट दिसतंय की नाही ते बघायला नको?"

तिने दप्तरातून पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि डावा तळहात काउंटरवर उघडून ठेवला.

"कुठल्या ओळी विचारणार?"