पाण्याच्या आत

बरुआसागरच्या तलावाशी आल्यावर बाबांनी स्कूटर वर बांधावरच लावली आणि ते तिथेच थांबले.

"तू जा खाली," ते म्हणाले. "मी इथून बघतो."

स्वरदाने आग्रह केला नाही. बाबा झाशीहून इथवर आले हेच पुष्कळ होतं. त्यांचा धाकटा भाऊ हृषीकेश कॉलेजात असताना याच तलावात बुडाला होता. त्यानंतर बाबांनी इकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आजही ते आले होते ते नाइलाज म्हणून. स्वरदा युनिव्हर्सिटीत मीडिया प्रॉडक्शन शिकत होती, सोमवारी तिला ध्वनीचं प्रॅक्टिकल द्यायचं होतं आणि बरोबर येणारा वर्गमित्र नीरज तापाने आडवा झाला होता. "एकटीने पाण्यापाशी जायचं नाही," एवढंच सकाळी बाबा म्हणाले आणि स्कूटरची किल्ली त्यांनी स्वतःच उचलली.

वर्गात मॅडम म्हणाल्या होत्या, "पानी की आवाज़ तो सब ले आते हैं. कुछ ऐसा लाओ जो किसी ने सुना न हो." तेव्हापासून स्वरदाच्या डोक्यात पाण्याखालचा माइक होता. सदर बाजारातून तिने एक साधा बझर आणला, त्यातली कंपनं टिपणारी पितळी चकती काढली, तिला लांब तार जोडली आणि वर रबराचा जाड लेप दिला. घरच्या बादलीत तो माइक चालला होता. तलावात चालेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

ती घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. माइक पाण्यात सोडला, हेडफोन लावला, रेकॉर्डर सुरू केला. नुसती खरखर. वाऱ्याने तार पायरीवर घासत होती. एका हाताने तार उचलून धरावी तर दुसऱ्या हाताने रेकॉर्डर सांभाळता येईना.

"बाबा," तिने वर पाहून हाक मारली, "जरा याल का? तार धरायला कुणीतरी हवं."

बाबा हलले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली नाही. उगाच तारेशी चाळा करत राहिली. बऱ्याच वेळाने पायऱ्यांवर चपला वाजल्या. बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले, वाकले आणि त्यांनी तार हातात घेतली. पाण्याकडे मात्र पाहिलं नाही.

"आता अजिबात हलू नका."

खरखर थांबली. आणि मग ते ऐकू आलं.

पाण्यातल्या किड्यांबद्दल तिने वाचलं होतं, तरी तिला वाटलं होतं, गुळगुळ ऐकू येईल, फार तर लाटांची चुळबुळ. पण पाण्याच्या आत पाण्याचा आवाजच नव्हता. मोहरी तडतडावी तसं काहीतरी तडतडत होतं, दूरवर, जवळ, सगळीकडे. मधेच कुणीतरी बारीक करवत चालवल्यासारखं कुरकुरत होतं, थांबत होतं, आणि दुसरीकडून त्याला उत्तर येत होतं. खोल कुठेतरी टक्, टक् असा ठोका होता. तो मासा होता की आणखी काय, तिला कळेना. तिने डोळे वर करून तलाव पाहिला. उन्हात तो काचेसारखा निवांत पडला होता. रेकॉर्डरकडे लक्ष ठेवायचं ती विसरूनच गेली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "बिघडलं का?"

तिने हेडफोन काढला आणि बाबांच्या कानांवर ठेवला.

बाबा आधी भुवया आकसून ऐकत राहिले. मग त्यांनी पहिल्यांदाच पाण्याकडे पाहिलं.

"हे कुठलं?"

"इथलंच."

"म्हणजे आत्ताचं?"

"आत्ताचंच, बाबा. छोटे छोटे कीडे आहेत, नखाएवढे. ते बोलतात. और वो नीचे जो घास है ना, उन्हात तिच्यातून बुडबुडे निघतात. त्यांची ती तडतड." मराठीत तिला एवढंच जमलं.

बाबांनी हेडफोन परत दिला नाही. तारेवरचा त्यांचा हात सैल पडला, तशी तिने तार स्वतःकडे घेतली. ते तोंड किंचित उघडं ठेवून, मान एका बाजूला कलवून ऐकत होते. घरी कुणी गायला बसलं तरी ते असं ऐकत नसत.

"मला वाटायचं, खाली नुसता काळोख असेल," ते म्हणाले. "एकदम चूप."

काकाबद्दल बाबा आजवर तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. भिंतीवरचा फोटो आणि इतरांकडून कानावर आलेलं, तेवढंच तिला ठाऊक होतं.

"हे रात्रीसुद्धा चालू असतं का गं?"

"रात्री तर जास्तच असतं. क्यों?"

"तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला होता," बाबा म्हणाले.

त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला. मग ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. चपला काढून बाजूला ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. स्वरदाने हेडफोन लावला आणि त्याच वेळी बाबांनी दोन्ही पाय पाण्यात सोडले.

तिच्या कानांत मोठा गडगडाट झाला आणि पाठोपाठ सगळं एकदम गप्प झालं. तडतड नाही, कुरकुर नाही, काही नाही. ती श्वास रोखून बसली. बाबाही हलले नाहीत.

मग कुठेतरी एकाने कुरकुर केली. थोड्या वेळाने दुसऱ्याने. हळूहळू बाबांच्या पायांच्या अगदी जवळ सगळे पुन्हा बोलू लागले.