बायकांचा दवाखाना

"ही डॉक्टर पण नाही म्हणाली तर?" संजनाने पुन्हा विचारलं.

"तर तिच्या दारातच ठाण मांडू. चहा तरी पाजेल की!" रामेश्वरने उम्म अल कुवैनच्या वळणावर पिकअप अशी वळवली, की डॅशबोर्डवरची शेंगदाण्याची पुडी संजनाच्या मांडीत आली.

"हळू रे बाबा!"

तो मोठ्यांदा हसला. हा माणूस असल्या दिवशीही हसतो कसा, हे तिला कळेना. पण त्याचं हसू ऐकून तिलाही बरं वाटलं.

पोटात गाठ होती. सोनोग्राफीत स्पष्ट दिसलेली. शारजात रोल्लाजवळच्या डॉक्टरांनी फाइल उघडली, पासपोर्ट पाहिला, मान वर केली आणि फाइल मिटली.

"पासपोर्टवर लिंग एक, समोर भलतंच. अशी केस घेणं माझ्या मनाला पटत नाही. सॉरी."

दुसरीकडे तर रिसेप्शनवरूनच बोळवण झाली. संजना तिथल्या तिथे भांडली. तिचा आवाज आधीच भारदस्त, फोनवर लोक तिला बिनदिक्कत 'सर' म्हणायचे. सगळी लॉबी वळून बघायला लागली. "खलास, चल घरी," म्हणत रामेश्वरने तिला बाहेर आणलं. घरी येऊन ती ढसाढसा रडली होती.

डॉक्टर मनोरमांना मात्र तिने फोनवरच सगळं सांगून टाकलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. पलीकडून एवढंच आलं, "बुधवारी या. खाऊन या, इथे गर्दी असते."

गर्दी होतीच, आणि सगळी बायकांची. रामेश्वर कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसला.

"सगळ्या माझ्याकडेच बघतायत गं."

"एवढा काही देखणा नाहीस तू."

"मिशी बघ माझी!" त्याने मिशीला पीळ दिला. शेजारच्या बाईलाही हसू आलं.

तेवढ्यात नर्स लायबा आली. तिने प्रेमाने संजनाचा हात धरला. "आइए दीदी." मग रामेश्वरकडे वळून म्हणाली, "भैया, आप बाहर बैठिए. अंदर सिर्फ पेशंट."

रामेश्वरचं हसू मावळलं. तो उठून बाहेरच्या दाराकडे निघाला. झालं, इथेही तेच! संजनाला बोलायचं होतं, पण एवढ्या बायकांसमोर काय बोलणार?

आतलं दार उघडलं. पांढऱ्या केसांची ठेंगणी बाई, हातात फाइल. तिने चष्म्यावरून दोघांना नीट न्याहाळलं.

"लायबा म्हणते ते बरोबर आहे, आत फक्त पेशंट," डॉक्टर मनोरमा म्हणाल्या. "संजना, तू बस गं बाहेर. या रामेश्वर, घाबरू नका. गर्भपिशवीतल्या असल्या गाठी मी रोज काढते."